वॉक द टॉक, व्हाया हिंगणे

‘वॉक द टॉक’ हे शब्द या सेमिस्टरमध्ये तुमच्या कानावर किती वेळा पडले? गेस्ट लेक्चरला आलेले पाहुणे बोलतात, ग्रुप डिस्कशनमध्ये समोरचा मुलगा बोलतो, इन्स्टाच्या रीलमध्ये तर दर दुसरा माणूस बोलतो. अर्थ साधा आहे. तोंडाने जे बोललात, ते पायांनी चालून दाखवा. मराठीत याच्या उलट्या बाजूचे शब्द भरपूर आहेत. बोलघेवडा, वाचाळवीर, तोंडपाटीलकी. म्हणजे हा आजार आपल्याला चांगला ओळखीचा आहे.

आज ज्या माणसाबद्दल सांगायचंय, त्याचा यातला ‘टॉक’ अगदीच बेताचा होता. लाजाळू, सभेत उभं राहिलं की अवघडणारा, वक्तृत्वाच्या नावाने शून्य. ‘वॉक’ मात्र अफाट. आणि हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाहीये. हा माणूस खरोखर पायी चालायचा. मैलोन् मैल.

धोंडो केशव कर्वे. घरचे आणि दारचे त्यांना अण्णा म्हणायचे. तुमच्यासाठी ते बहुतेक एका रस्त्याचं नाव आहेत, ज्यावर संध्याकाळी सहा वाजता गाडी घालायची नसते.

जन्म १८ एप्रिल १८५८, रत्नागिरी जिल्ह्यात शेरवलीला, आजोळी. वाढले दापोलीजवळच्या मुरूडला. समुद्राकाठचं छोटं गाव, घरची परिस्थिती ओढगस्तीची. सरकारी नोकरीची दारं उघडणारी एक परीक्षा तेव्हा असायची आणि तिचं केंद्र होतं साताऱ्याला. आता नकाशा उघडा. मुरूड कुठे, सातारा कुठे! मध्ये अख्खा सह्याद्री. अण्णा आणि त्यांचे सोबती भर पावसात, ओढे-नाले ओलांडत, घाट चढून, शंभर मैलांहून जास्त अंतर चालून चार दिवसांत साताऱ्याला पोचले. तिथल्या साहेबांनी या पोराकडे एकदा पाहिलं आणि ठरवलं की हा वयात बसत नाही, फारच लहान दिसतो. परीक्षेला बसू दिलं नाही. बस्स. आले तसे परत.

हॉल तिकिटावरचा फोटो अस्पष्ट आहे म्हणून परीक्षा केंद्राबाहेर कधी अडकला असाल, तर तुम्हाला थोडीशी कल्पना येईल. पुढच्या खेपेला अण्णा कोल्हापूरला गेले आणि ती परीक्षा पास झाले.

पुढचं शिक्षण मुंबईत झालं आणि ते सगळं उशिरा उशिरा झालं. मॅट्रिक व्हायला वयाची तेविशी उजाडली. १८८४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजमधून गणितात बी. ए. मग मुंबईत एकाच वेळी दोन-तीन शाळांत शिकवण्या आणि नोकऱ्या. लग्न चौदाव्या वर्षीच झालं होतं, आठ वर्षांच्या राधाबाईंशी. त्यात विशेष काही नव्हतं, सगळ्यांचीच तशी होत. १८९१ साली राधाबाई गेल्या. मागे मुलगा रघुनाथ, नऊ वर्षांचा. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी अण्णांना पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला बोलावून घेतलं. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्याचा पगार महिना ७५ रुपये. स्कोप कमी, मान मोठा.

आता तेहतीस वर्षांचा, नोकरी असलेला, ब्राह्मण, बिजवर प्राध्यापक म्हणजे त्या काळच्या लग्नाच्या बाजारात काय चीज होती, हे लक्षात घ्या. बारा-तेरा वर्षांच्या मुलींचे बाप दाराशी यायला लागले. सगळी गोष्ट इथे सुरू होते.

विधवांचा प्रश्न तेव्हा नवा नव्हता. विधवाविवाहाला परवानगी देणारा कायदा १८५६ सालीच झाला होता. पुण्यात जोतिबा फुल्यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं, कारण फसवल्या गेलेल्या विधवांना आणि त्यांच्या पोटातल्या मुलांना मरणाशिवाय रस्ता ठेवलेला नव्हता. १८६९ मध्ये विष्णुशास्त्री पंडितांच्या पुढाकाराने एक पुनर्विवाह गाजावाजा करून लागला. मग वाद, शंकराचार्यांपुढे शास्त्रार्थ, बहिष्कार, प्रायश्चित्तं. वर्तमानपत्रांचे रकाने भरभरून वाहत होते. बोलणं उदंड झालं होतं. (बहुजन समाजातल्या अनेक जातींत पाट लावायची पद्धत आधीपासून होती, हेही ध्यानात असू द्या. केशवपन, लाल आलवण, अंधारी खोली हे मुख्यतः उच्चवर्णीयांचे पराक्रम.)

आणि करायची वेळ आली की काय व्हायचं? न्यायमूर्ती रानड्यांचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक होतं. विधवाविवाहाचे एवढे खंदे पुरस्कर्ते. पण १८७३ मध्ये पहिली पत्नी वारली, तेव्हा वडिलांचा शब्द मोडवला नाही आणि अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न करून मोकळे झाले. त्या मुलीला त्यांनी शिकवलं, तिच्या रमाबाई रानडे झाल्या, त्यांनी पुढे सेवासदन उभं केलं, हे सगळं खरं. पण तो एक डाग रानड्यांना जन्मभर टोचला आणि विरोधकांना जन्मभर पुरला. मला स्वतःला रानड्यांना नावं ठेवायची घाई वाटत नाही. बापासमोर ‘नाही’ म्हणणं म्हणजे काय असतं, हे ज्याने करिअर निवडताना अनुभवलंय, त्याने तरी ती करू नये. मात्र या पार्श्वभूमीवर अण्णांनी काय केलं ते बघा.

त्यांनी भाषण दिलं नाही. लेख लिहिला नाही. लग्न करीन तर विधवेशीच, नाहीतर असाच राहीन, एवढंच घरच्यांना सांगितलं.

नरहरपंत जोशी हे त्यांचे मुंबईतले जिवलग मित्र. त्यांची बहीण गोदूबाई, गाव देवरूख. आठव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. नवरा म्हणजे काय हे कळायच्या आत सगळं संपलेलं. पुढे भावाने धाडस करून तिला मुंबईला आणलं. पंडिता रमाबाईंनी मार्च १८८९ मध्ये ‘शारदा सदन’ उघडलं, तेव्हा तिथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी ही गोदूबाई. सदन पुण्याला आलं तशी तीही आली. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात अण्णांचं आणि त्यांचं लग्न लागलं. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. पुढे सगळे त्यांना बाया म्हणू लागले.

कायदा होऊन तोवर ३७ वर्षं झाली होती. कायद्याने त्यांना कोणी अडवणार नव्हतं. अडवलं गावाने.

नवीन जोडपं मुरूडला गेलं. गावाने सभा भरवली आणि ठराव केला. कर्व्यांशी कोणी संबंध ठेवायचा नाही, ते असतील त्या बैठकीत कोणी बसायचं नाही. हे एकवेळ ठीक. खरी मेख पुढे होती. आई आणि भावंडांनी त्यांना घरात घेतलं, तर त्यांच्यावरही बहिष्कार. म्हणजे शिक्षा अण्णांना नव्हती, त्यांच्या आईला होती. जात ही अशीच काम करते. बंड करणारा शहरात असतो, त्याला पगार असतो, मित्र असतात. गावातली विहीर, देऊळ, घरातलं श्राद्ध, बहिणीचं सासर हे सगळं मागे राहिलेल्यांना सांभाळायचं असतं.

इथे जरा थांबा. तुमच्या डोक्यातही एखादा असा विचार असेल. जातीबाहेरचं लग्न, ठरलेला कोर्स सोडणं, एखादा घरचा विधी न करणं. आपल्याला वाटतं की हिंमत लागते ती स्वतः सोसायची. अण्णांच्या गोष्टीत ती त्याहून अवघड होती. आपल्या विचाराची किंमत आपली म्हातारी आई भरतेय, हे बघत उभं राहायचं आणि तरीही मागे फिरायचं नाही. हे बरोबर की चूक, याचं सरळ उत्तर माझ्याकडे नाही. अण्णा मागे फिरले नाहीत आणि गावावर उखडलेही नाहीत. त्यांनी गावाशी भांडण मांडल्याचं दिसत नाही.

त्याच वर्षी, १८९३ मध्येच, त्यांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळी काढली. दोनच वर्षांत तिचं नाव बदलून ‘विधवाविवाह-प्रतिबंध-निवारक मंडळी’ केलं. जीभ अडखळेल असं नाव, पण फरक मोठा आहे. कुणाला लग्न कर म्हणून उत्तेजन द्यायचं नाही. ज्यांना करायचंय त्यांच्या वाटेतले अडथळे काढायचे. गणिताचा मास्तर होता ना, व्याख्या नेमकी करायची सवय.

काम करता करता त्यांना हिशेब दिसायला लागला. असे पुनर्विवाह वर्षाला किती होणार? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आणि विधवा तर घराघरांत. त्यांतल्या बहुतेकींना लग्न नव्हे, आधी दोन घास आणि स्वतःच्या पायावर उभं राहण्याचं साधन हवं होतं. तशातच १८९३ मध्ये शारदा सदनावर धर्मांतराचे आरोप झाले, ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, पालकांनी मुली काढून घेतल्या. त्या मुली जाणार कुठे?

१४ जून १८९६. अण्णांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम सुरू केला. पहिली देणगी त्यांची स्वतःची होती. साठवलेले हजार रुपये दिले आणि आपली पाच हजारांची विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाच्या नावे करून टाकली. बायांना काय वाटलं असेल, कल्पना करा. पदरी लहान मुलं, पगार ७५ रुपये, माहेर-सासर दोन्हीकडे वाळीत, आणि उद्या काही बरंवाईट झालं तर आधाराला होता तो कागदही नवऱ्याने दान केला! त्या बोलल्या, चांगल्याच बोलल्या. मग नागपूरला जाऊन सुईणपणाचं शिक्षण घेऊन आल्या. कोणीतरी संसाराचा विचार करायला हवाच होता.

मग प्लेग आला. शहरात आश्रम चालवणं धोक्याचं झालं. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी हिंगण्याला सहा एकर जागा आणि बांधकामाला ७५० रुपये दिले. १९०० साली आश्रम तिथे गेला. आश्रम म्हणजे काय, एक झोपडी. हिंगणं तेव्हा पुण्यापासून चारेक मैलांवर, आडरानात. नीट रस्ता नाही. पावसाळ्यात गुडघाभर चिखल, इतर वेळी काटे आणि अंधार.

अण्णांचा दिनक्रम असा की दिवसभर फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचं, तास संपले की शहरातून आश्रमासाठी लागेल ते सामान घ्यायचं, पाठीवर टाकायचं आणि चालत हिंगण्याला जायचं. रात्री मुलींना शिकवायचं, तिथेच झोपायचं, सकाळी पुन्हा चालत कॉलेजात. पावसात, थंडीत, रोज. साताऱ्याचा घाट चढलेले पाय इथे कामी आले. सुट्ट्या लागल्या की वर्गणी गोळा करत गावोगाव हिंडायचं. एखाद्या दारात दहा रुपये मिळत, एखाद्या दारात चार शिव्या. दोन्हींनंतर पुढचं दार. आणि आलेल्या पैशाचा हिशेब चोख. लोक त्यांच्या मतांना शिव्या घालायचे, पण हिशेबात कुणाला बोट ठेवायला जागा मिळायची नाही.

आता अवघड भाग. हा सांगितला नाही तर ती नुसती आरती होईल.

आश्रम टिकवायला लोकांचा विश्वास हवा होता. कर्वे इथे आपल्या विधवा लेकीचं, सुनेचं पुन्हा लग्न लावून देतील, ही भीती लोकांना होती. म्हणून अण्णांनी आश्रम आणि पुनर्विवाह ही दोन कामं कडेकोट वेगळी ठेवली आणि पुढे विधवाविवाहाच्या चळवळीतून जवळजवळ अंग काढून घेतलं. याचा टोकाचा परिणाम बघा. ज्या बाईशी लग्न करून हे सगळं सुरू झालं, त्या बायांनाच पुनर्विवाहित म्हणून आश्रमाच्या कारभारापासून लांब राहावं लागलं. नवऱ्याने उभारलेल्या विधवांच्या संस्थेत एकेकाळच्या विधवेला जागा नाही! बायांनी ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात आपल्या आयुष्याबद्दल रोखठोक लिहून ठेवलंय. कॉलेजच्या लायब्ररीत असेल तर वाचाच. अण्णांच्या चरित्रांपेक्षा ते जास्त खणखणीत आहे. शिवाय सुरुवातीची बरीच वर्षं आश्रम मुख्यतः ब्राह्मण मुलींचाच राहिला. अण्णांना यातलं काही दिसत नव्हतं असं नाही. त्यांनी मोजमाप केलं, एक गोष्ट वाचवायला दुसरी सोडली. माझ्या मते बायांच्या बाबतीत त्यांनी जास्तच सोडलं.

पण त्या तडजोडीतून उभं काय राहिलं, तेही बघावं लागेल. बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, तीही विधवा. ती आश्रमात आली, शिकली, तिथली कर्ती झाली आणि पुढे जेमतेम इंग्रजीच्या बळावर संस्थेसाठी निधी गोळा करायला थेट अमेरिकेत जाऊन पोचली. १९०७ मध्ये महिला विद्यालय निघालं. त्यात विधवांबरोबर कुमारिकाही शिकू लागल्या.

जपानमधल्या महिला विद्यापीठाबद्दलची एक माहितीपुस्तिका अण्णांच्या हाती आली होती. ती त्यांच्या डोक्यात बसली. १९१५ मध्ये मुंबईला भरलेल्या सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद त्यांना मिळालं आणि त्या व्यासपीठावरून त्यांनी भारतातल्या महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. शिक्षण मातृभाषेतून, फक्त मुलींसाठी. एरवी अशा परिषदांतल्या कल्पना ठरावाच्या कागदावर सुखाने झोपी जातात. अण्णा तेव्हा ५७ वर्षांचे, फर्ग्युसनमधून निवृत्त. पुढच्याच वर्षी, जून १९१६ मध्ये, विद्यापीठ सुरू. कॉलेजात विद्यार्थिनी किती? पाच.

पाच! तुमच्या कॅन्टीनच्या एका टेबलाभोवती यापेक्षा जास्त जणी बसतात. सरकारची मान्यता नाही, नोकरीत पदवीला किंमत नाही. त्या पदव्यांची नावंही खास होती, गृहीतागमा आणि प्रदेयागमा. जी. ए. आणि पी. ए. मुलींचा वेगळा अभ्यासक्रम कशाला, गृहजीवनशास्त्र वगैरे त्यांच्याच माथी कशाला, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि त्यात तथ्य होतं. अण्णांचं गणित असं की आज ज्या मुली अजिबातच शिकत नाहीत, त्यांच्यापुरता दरवाजा तरी उघडू. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं नाव विद्यापीठाला लागलं. हेच तुमचं एसएनडीटी. कायद्याची मान्यता १९५१ मध्ये मिळाली. पस्तीस वर्षं ते मान्यतेशिवाय चाललं.

सत्तरी ओलांडल्यावर हा माणूस युरोप, अमेरिका, जपान फिरून आला, मग आफ्रिकेत गेला. पर्यटन नव्हे, विद्यापीठाची झोळी घेऊन. दरम्यान थोरला मुलगा रघुनाथ बापाच्या चार पावलं पुढे निघून गेला होता. संततिनियमनाचा प्रचार, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक, गेलेली प्राध्यापकी, अश्लीलतेचे खटले. र. धों. कर्वे. त्यांच्यावर एक वेगळा लेख हवा. दुसऱ्या एका मुलाची, दिनकरांची, बायको म्हणजे इरावती कर्वे.

१९५८ मध्ये अण्णा शंभर वर्षांचे झाले. त्या वर्षी भारतरत्न मिळालं आणि टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं. जिवंत भारतीय माणसाचं देशातलं ते पहिलंच तिकीट. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या १०५व्या वर्षी, ते गेले.

पण मला शेवटी सांगायचंय ते वर्ष १९३६ आहे. अण्णा ७८ वर्षांचे. विद्यापीठ मार्गी लागलेलं, त्याचं मुख्यालय त्याच वर्षी मुंबईला गेलेलं. आता घरी बसून नातवंडं खेळवायची. तर यांच्या डोक्यात आलं की ज्या खेड्यांत शाळाच नाही, तिथे प्राथमिक शाळा काढायला हव्यात. महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केलं. सुरुवात स्वतःच्या तुटपुंज्या पेन्शनमधून. बाकीचे पैसे कुठून आणायचे? सोपं होतं. सकाळी उठायचं, पायात चपला घालायच्या आणि पुण्याच्या पेठांत एकेक दार वाजवत एक-एक, दोन-दोन आण्यांची वर्गणी मागत चालत सुटायचं.

गरवारे कॉलेजपासून नळ स्टॉपपर्यंत मेट्रो आज याच माणसाच्या रस्त्यावरून धावते. पुढे पौड फाट्याला ती वळते. हिंगण्याचा रस्ता तिथून सरळ जातो.